घरगुती इनटेक आणि न वाचलेले अठ्ठावन्न हजार रुपये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आपला टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि आपल्याकडे सेकंडहँड घेतलेली, आज नऊ वर्षांची झालेली, टर्बो पेट्रोल इंजिनाची दोन दारी जर्मन स्पोर्ट्स कार आहे. तिला कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर, बसवण्याची आपली इच्छा आहे. बाहेरून मागवायच्या तयार किटचे कोटेशन ७२,००० रुपयांचे आले; ॲल्युमिनियमची नळी, सिलिकॉनचे जोड, शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर आणि ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आर्गॉन वेल्डिंग, असे स्वतः जमवल्यास १४,००० रुपयांत काम होते. वाचलेले ५८,००० रुपये म्युच्युअल फंडात ठेवले तर १२ टक्क्यांनी दहा वर्षांत एक लाख ऐंशी हजार होतील, असे आपण मांडले आहे, आणि १४,००० रुपये तूर्त आपत्कालीन निधीतून काढावेत का, अशी विचारणा केली आहे.

चक्रवाढीचा आकडा बरोबर आहे, फक्त १२ टक्के हा परतावा कोणी लिहून देत नाही. अडचण त्याच्या आधीच्या ओळीत आहे. तयार किट आपण कोणत्याही परिस्थितीत घेणार नव्हता, हे आपल्याच पत्रात आहे. मग ते ५८,००० रुपये आले कोठून? न घेतलेल्या वस्तूची किंमत बचतीत धरायची म्हटली, तर होटगी रस्त्यावर न घेतलेल्या बंगल्यापोटी आपण दोघांनीही कोट्यवधी वाचवले आहेत. आपल्यापुढची खरी तुलना १४,००० आणि शून्य यांच्यात आहे, आणि ती करताना १४,००० रुपयांत हाती काय पडते हे आधी पाहावे लागेल.

मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४२ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश तापमान आहे असे धरू. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के अधिक घन असते, त्यामुळे तेवढ्याच आकारमानात प्राणवायू जास्त मिळतो. कोल्ड एअर इनटेकचा सारा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. मात्र आपण पाठवलेल्या छायाचित्रात मूळ फिल्टरपेटीची नळी ग्रिलमागून, म्हणजे बाहेरचीच हवा घेताना दिसते, तेव्हा त्या सात टक्क्यांपैकी बहुतेक भाग कंपनीने आपल्याला आधीच दिलेला आहे. शिवाय टर्बोमध्ये दाबली गेलेली हवा तापते आणि पुढे इंटरकूलरमध्ये थंड होते, त्यामुळे सुरुवातीला मिळवलेले चार-पाच अंश शेवटपर्यंत पूर्ण टिकत नाहीत. उलट कोन फिल्टर नीट हीट शील्ड (उष्णता अडवणारा आडोसा) न लावता बॉनेटखाली उघडा ठेवला, तर गाडी पूर्वीपेक्षा गरम हवा ओढेल आणि १४,००० रुपये देऊन आपण ताकद कमी करून घेतलेली असेल.

हे मी म्हणतो म्हणून मानू नका. गाडीतल्या सेन्सरचे आकडे दाखवणारा, एखाद-दोन हजारांत मिळणारा ओबीडी स्कॅनर घ्या, रविवारी सकाळी तुळजापूरकडे जाताना एकसारख्या वेगात इनटेकच्या हवेचे तापमान वाचा आणि बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहा. हा आकडा टर्बोच्या आधीच्या सेन्सरचा असावा. आपल्या गाडीत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर पेटीलगतच्या नळीवर आहे असे आपण लिहिता, आणि तापमानाचा सेन्सर पुष्कळदा त्यातच असतो. फरक चार-पाच अंशांचाच निघाला, तर नव्या नळीने कमावण्यासारखे फारसे काही उरत नाही.

त्याच मास एअरफ्लो सेन्सरपाशी घरगुती काम बहुधा फसते. हा सेन्सर नळीच्या ठरावीक आतल्या व्यासावर बेतलेला असतो. समजा मूळ व्यास ७० मिलिमीटर आहे आणि फॅब्रिकेटरकडे ७६ मिलिमीटरची नळी तयार पडली आहे म्हणून ती बसवली. सहा मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण छेदाचे क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढते, हवा सेन्सरवरून तेवढी सावकाश जाते आणि तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी हवा आल्याचे कळवतो. इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्या मानाने पेट्रोल कमी सोडतो, मग फ्युएल ट्रिमने, म्हणजे पेट्रोलच्या प्रमाणात आपोआप टक्केवारीने केलेल्या दुरुस्तीने, ते भरून काढू पाहतो, आणि त्याची मर्यादा संपली की चेक इंजिनचा दिवा लागतो. रीमॅपिंग करून, म्हणजे इसीयूमधली आकडेमोड नव्याने बसवून, हे सुधारता येते, परंतु तो खर्च आपल्या १४,००० रुपयांत धरलेला नाही. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा पर्याय तर सोडूनच द्या; ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो आणि टर्बोशेजारी तेवढी उष्णता सहज असते. आणखी एक गोष्ट आपल्या धंद्याशी निगडित आहे : गाडी दिवसभर लूमच्या शेडबाहेर उभी असते, तेथे हवेत कापसाचे तंतू तरंगतात आणि ते उघड्या कोनच्या घड्यांत पेटीतल्या फिल्टरपेक्षा कितीतरी लवकर बसतील. तेल लावलेला फिल्टर वापरून त्यावर तेल अंमळ जास्त झाले, तर ते सेन्सरच्या तारेवर जाते.

एवढ्यावर भागले असते तर मी हरकत घेतली नसती, कारण चौदा हजारांच्या हौसेने कोणाचे घर बसत नाही. माझी काळजी विम्याची आहे. थंड हवेसाठी फिल्टर खाली बंपरमागे नेला आणि गाडी तुंबलेल्या पाण्यात गेली, तर इंजिन पाणी ओढते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल लाखांच्या घरात जाते. आपल्याकडे पाऊस बेताचा असला तरी ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्याने काय पाहिले ते आपण विसरला नसाल. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि परिणामी होणारे नुकसान वगळलेले असते, इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर अनेक कंपन्या इतक्या जुन्या गाडीला देत नाहीत, आणि जी देईल ती मूळ रचनेत केलेल्या बदलाकडे बोट दाखवू शकेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरफार म्हणजे गाडीचे मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल, अशी व्याख्या आहे. इनटेक त्यात बसत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण तो आपल्याला दाव्याच्या वेळी सर्व्हेयरसमोर करावा लागेल, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला मालकावर प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. म्हणून विमा कंपनीला बदलाचे वर्णन आधी ई-मेलने कळवा आणि उत्तर लेखी घ्या; तोंडी होकाराला किंमत नाही.

आता घराकडे वळू. महिन्याला हाती १,१०,००० रुपये येतात, त्यातून घरखर्च ४५,००० आणि गृहकर्जाचा हप्ता ३८,००० जातो, एसआयपी १५,००० रुपयांची आहे, म्हणजे शिल्लक १२,००० राहते. आपत्कालीन निधी २,२०,००० रुपयांचा आहे, जो हप्त्यासह पावणेतीन महिनेही पुरणार नाही. सुताचे भाव आणि ऑर्डरी यांच्यावर ज्याचे उत्पन्न हलते, त्याच्याकडे सहा महिन्यांची तरतूद, म्हणजे सुमारे पाच लाख हवेत. तेव्हा या निधीतून एक रुपयाही काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या जर्मन गाडीची एखादी मोठी दुरुस्तीही अखेर याच निधीवर येणार आहे.

हौस मात्र मारू नका. इनटेकमधून टर्बोचा सुस्कारा ऐकायचा आहे, हे आपण पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे आणि मला तेच खरे कारण वाटते. त्यासाठी खर्च करण्यात गैर काही नाही, फक्त तो करमणुकीच्या खात्यावर लिहावा. शिलकीतील ९,००० निधीत टाका आणि ३,००० वेगळे ठेवा. जूनपासून पाच महिन्यांत १५,००० जमतील आणि तोवर पावसाळाही सरलेला असेल. दरम्यान कंपनीचा नवा पेपर फिल्टर घाला, पेटीची रबरी सील आणि नळीला चिरा आहेत का ते तपासून घ्या; नऊ वर्षांच्या गाडीत हरवलेली हवा पुष्कळदा तेथेच सापडते.

दिवाळीच्या सुमारास स्कॅनरचे आकडे अनुकूल असतील आणि विमा कंपनीचा लेखी होकार आलेला असेल, तर काम करून घ्या. सेन्सरच्या जागी मूळ व्यासाचीच नळी ठेवा, फिल्टर मूळ पेटीच्या उंचीखाली नेऊ नका, आणि मूळ पेटी पुसून कारखान्यात जपून ठेवा, कारण गाडी विकताना घेणारा ती मागेल. बसवल्यावर आठवडाभर फ्युएल ट्रिम पाहत राहा. तो सतत अधिक दहा (+१०) टक्क्यांच्या वर राहिला, तर रीमॅपिंगसाठी पैसे शोधत न बसता मूळ पेटी परत लावावी.