आम्ही बेळगावजवळच्या खानापूरकडचे. पावसाळ्यात खराब झालेलं पुठ्ठा-एमडीएफचं छोटं गॅरेज (मॉडेल गाड्यांचं, १:६४, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढं) पुन्हा कसं नीट करावं?

तुम्ही खानापूरकडचे आणि गॅरेज पुठ्ठा आणि एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), म्हणजे खरा शत्रू ओल. ओलं फडकं अजिबात लावू नका, पुठ्ठा फुगतो. आधी दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवा आणि मऊ ब्रशनं धूळ झाडा. बुरशी असेल तर कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच टिपा. आधी कोपऱ्यात तपासा, कारण अॅक्रिलिक रंग त्यानं सुटतो. सुटलेले सांधे फेविकॉलनं चिकटवून रात्रभर दाबून ठेवा.

दार नव्यानं करणार असाल तर मापाकडे लक्ष द्या. खरं दार २.१ मीटर धरलं तर १:६४ मध्ये ते साधारण ३३ मिलिमीटर येतं. दार मोठं झालं की गाडी खेळण्यासारखी दिसते.

जुनेपणा मात्र सगळा पुसू नका! बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपात जाऊन बघा, तेलाचे डाग कुठं पडतात, भिंत कुठवर काळी होते. आपली तांबडी माती सुकवून, मलमलीतून चाळून कोपऱ्यात भुरभुरवा. गंजासाठी तपकिरी खडूची पूड. वरून मॅट वार्निशचा अगदी पातळ फवारा, तोही कोरड्या दिवशी, नाहीतर पांढरट झाक येते.

गाड्या लगेच ठेवू नका, वार्निशचा वास पूर्ण जाऊ द्या. मऊ टायर रंगाला चिकटून डाग पाडतात, म्हणून खाली पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा ठेवा. गॅरेज ज्या पेटीत ठेवता तिच्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.