गोळ्या बंद झाल्या की मग नोकरी?

‘ताई, आधी गोळ्या बंद होऊ देत, मग नोकरीचं बघू.’

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असे गंभीर मानसिक आजार असलेल्यांना पुन्हा कामाला लागायला मदत करणं हे माझं काम. त्यांच्या आईवडिलांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही पाठ झालंय: ‘ताण आला आणि परत उलटलं तर?’ ही भीती उगाच नसते. मुलाला रात्री दोन वाजता रिक्षात घालून दवाखान्यात नेलेलं असतं, ते कुणी विसरत नाही. नाशिकच्या एका काकूंनीही हेच विचारलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. त्यांच्या मुलाला घरात सगळे, अगदी आईसुद्धा, दादा म्हणत. इथेही तेच म्हणते.

दादा 33 वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग अंबड एमआयडीसीत चार वर्षं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर. 26व्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले, दोनदा अ‍ॅडमिट झाला, आणि त्यानंतर सहा वर्षं घरी. आवाज जवळजवळ थांबले होते, घरी बसणं मात्र चालूच होतं. पहिल्या भेटीत प्रश्न मी दादाला विचारायची आणि उत्तर काकू द्यायच्या. पाण्याचा पेला पुढे केला तर काकूंनी तो आधी अर्धा रिकामा केला आणि मग त्याच्या हातात दिला. औषधांमुळे त्याचा हात थरथरायचा. ‘सांडतं हो त्याच्याकडून,’ त्या म्हणाल्या. दादा खाली बघत राहिला.

मग मी एक चूक केली. आधी काहीतरी शिकू दे, म्हणून त्याला टॅलीच्या क्लासला पाठवलं. नवव्या दिवशी तिथून फोन आला, ‘तुमचा मुलगा इथे झोपतो.’ मी फाइलमध्ये ‘प्रेरणा कमी’ असं लिहून मोकळी झाले. ते पान अजून फाइलला आहे आणि समोर आलं की लाज वाटते. कारण बॅच होती सकाळी आठची आणि दादा गोळी घ्यायचा रात्री साडेअकराला, टीव्ही बंद झाल्यावर. आठ वाजता माणूस क्लासला पोचायचा, पण जागा व्हायचा दहाला. डॉक्टरांनी गोळीची वेळ साडेआठवर आणली आणि निम्मी ‘प्रेरणा’ परत आली. (हे डॉक्टरांनीच करायचं. वेळ असो की डोस, घरच्या घरी बदलू नका.)

आधी पूर्ण बरं व्हायचं, मग शिकायचं, मग काम, हा क्रम आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये 1990च्या दशकात काही मंडळींनी तो उलटा करून पाहिला: माणसाला हवं ते काम आधी शोधायचं, आणि शिकवणं, आधार देणं हे काम चालू असताना. पुढे युरोपातल्या सहा शहरांत 312 रुग्णांवर हीच पद्धत तपासली, निष्कर्ष 2007 साली आले. या पद्धतीत 55 टक्के लोकांनी किमान एक दिवस तरी पगारी काम केलं, नेहमीच्या ‘आधी प्रशिक्षण’ पद्धतीत 28 टक्क्यांनी. एक दिवस म्हणजे काय मोठं, असं वाटेल. सहा वर्षं घरी बसलेल्याला विचारा. काकूंसाठी महत्त्वाचा आकडा वेगळाच होता: कामाला लावलेल्यांना पुन्हा अ‍ॅडमिट करायची वेळ जास्त नाही, कमी आली. तिकडे पाठीशी पूर्णवेळ माणूस असतो. आपल्याकडे तो माणूस म्हणजे बहुतेकदा मी आणि माझा फोन.

दादाला मशीनवर परत जायचं होतं. गुंगी आणणारी औषधं चालू असताना सीएनसी नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग काय, यावर आम्ही दोन आठवडे घोळ घातला. जवळच्या वाचनालयाची ग्रंथपडताळणी निघाली होती आणि त्यांना माणूस हवा होता. आठवड्यातून तीन दुपारी, बिनपगारी, पण फक्त तीन महिने. ही मुदत मी मुद्दाम आधीच ठरवून घेते, कारण फुकटचा हात कुणी सोडत नाही.

दाखल नोंदवही (वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद) समोर, एक एक पुस्तक काढायचं, क्रमांक जुळवायचा, खूण करायची. दुसऱ्या आठवड्यात दादाने एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांवर पडलेला शोधून काढला. ग्रंथपाल बाई खूश. आणि तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, ‘सोडतो.’

बऱ्याच वेळाने कारण कळलं: चार वाजताचा चहा. तिथे चहा कपबशीत यायचा, बशी वाजायची, सगळे बघायचे. म्हणून तो चारला मागच्या कपाटांकडे जाऊन उभा राहायचा. ना आजार, ना काम. आडवी आली होती बशी. माझ्या खोलीत आम्ही एकच वाक्य घोकलं, ‘माझा हात थरथरतो, मला चहा ग्लासात द्या.’ पहिल्यांदा ते त्याच्या तोंडून बाहेर पडायलाच पाच मिनिटं लागली. शुक्रवारी त्याने ते तिथे म्हटलं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, ‘साखर चालते ना?’ बस, एवढंच झालं.

पुढचा प्रश्न सगळेच विचारतात: नोकरी देणाऱ्याला सांगायचं का? माझं मत असं की आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही, पण गरज सांगावी. ‘सकाळी दहानंतरचं काम जमेल, महिन्यातून एक मंगळवार दवाखान्यासाठी लागेल.’ सहा वर्षांच्या खंडाबद्दल ‘तब्येतीमुळे घरी होतो, आता ठीक आहे, मागचे तीन महिने वाचनालयात होतो’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. यूडीआयडी कार्डाबद्दल (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काकूंचा आक्षेप होता, ‘शिक्का बसेल, लग्न जमायचं नाही.’ 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी अर्ज करता येतो. कार्ड घरात असलं म्हणून कपाळावर लिहिलं जात नाही. कुणाला दाखवायचं ते आपण ठरवायचं. काकूंनी ते अजून काढलेलं नाही. मी मागे लागले नाही.

ओळखीतून अंबडच्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टोअरला मदतनीस हवा असल्याचं कळलं. अकरा ते चार. चलन बघून माल मोजून घ्यायचा, बिन कार्डावर, म्हणजे त्या मालाच्या साठ्याच्या नोंदपत्रावर, चढवायचा. दाखल नोंदवहीचाच भाऊ. जाण्याआधी आम्ही तिघांनी एका कागदावर धोक्याच्या खुणा लिहिल्या: सलग दोन रात्री झोप नाही, अंघोळ टाळणं, फॅन बंद करून कान देऊन बसणं. खाली डॉक्टरांचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. दुसऱ्या महिन्यात पहिली खूण दिसलीच. तो स्वतः डॉक्टरांकडे गेला, चार दिवस सुट्टी घेतली आणि पाचव्या दिवशी कामावर हजर झाला. गोळ्या आजही चालू आहेत.

पहिला पगार काकूंनी देवापुढे ठेवला आणि मग कपाटात. महिन्याभराने मला फोन आला, आवाज जरा चढलेलाच.

‘ताई, दादा त्यातले पाचशे मागतोय. बूट घ्यायचेत म्हणे. देऊ का?’

‘पैसे कुणाचे आहेत, काकू?’

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग फोन बाजूला धरून त्यांनी हाक मारलेली ऐकू आली, ‘दादा, कपाटाची किल्ली देवघरात आहे बघ.’