अलार्म लावलात, आता त्याच्याकडे लक्ष ठेवा

खानापुरात नव्या घरात धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म लावलेत, फार बरं केलंत. आमच्या बेळगावच्या घरात ते आठ वर्षं आहेत, म्हणून सांगतो.

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. मी दर संकष्टीला दाबतो, विसर पडत नाही. पण बटणानं बॅटरी, भोंगा आणि सर्किट एवढंच तपासलं जातं. सेन्सर म्हातारा झाला तरी भोंगा वाजतोच! म्हणून अलार्मच्या मागच्या बाजूची तारीख बघा. धुराचा अलार्म 10 वर्षांनी बदलायचाच, कार्बन मोनॉक्साइडचा मॉडेलप्रमाणे साधारण 5 ते 10 वर्षांनी. थोड्या थोड्या वेळानं एकच टीक वाजली, तर बहुतेक बॅटरी संपत आलेली असते. आवाजाला कंटाळून ती काढून ठेवू नका. तुमच्याकडच्या पावसाळ्यात अलार्मच्या जाळ्यांत किडे, धूळ बसते. मऊ ब्रशनं झाडा, पाणी किंवा स्प्रे नको.

मला खरी काळजी तुमच्या गॅस गिझरची आहे. तो बंद न्हाणीघरात असेल तर आधी बाहेर हलवा. थंडीत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपायचं तर अजिबात नाही. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, आणि या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पित्त झालं. सिलिंडरची गळती मात्र हा अलार्म ओळखत नाही, त्यासाठी वेगळा लागतो, तोही जमिनीलगत.

भोंगा वाजला तर आधी आजींना, मुलांना घेऊन बाहेर या, मग 112 लावा.