शर्यतीच्या पिकअपसाठी इंजिन: मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): पीथमपूरला नोकरी आहे. हातात 85 हजार पगार येतो, हप्त्यासकट घरखर्च 55 हजार. शिल्लक म्हणजे 6 लाखांची मुदत ठेव. जुन्या महिंद्रा फोर बाय फोर पिकअपला ऑफ-रोड शर्यतीसाठी दमदार इंजिन बसवायचे आहे. अमेरिकेतला मेहुणा जुने 5.3 लिटरचे व्ही-एट पाठवतो म्हणतो. इथे स्कॉर्पिओचे सुटे एमहॉक डिझेल इंजिन गिअरबॉक्ससह 1.60 लाखांना मिळते. आहे त्याच डीआय (जुन्या, बिनटर्बोच्या डिझेल) इंजिनाला 95 हजारांत टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप, बसवता येतो. अख्खी अपघाती स्कॉर्पिओ 2.40 लाखांना आहे. काय करू?

उत्तर: व्ही-एट सोडा. अमेरिकेत ते स्वस्त, कारण 1999 पासून शेवरलेच्या पिकअपमध्ये ते भरपूर आले आणि भंगारवाड्यात सहज सापडते. आपल्याकडे वापरलेले इंजिन आणायला डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो, शिवाय सीमाशुल्क, जहाजभाडे आणि पुढचा प्रत्येक सुटा भागही तिकडूनच. डीआयला टर्बो नको. बिनटर्बोच्या हिशेबाने बनलेले पिस्टन, हेड गॅस्केट आणि रेडिएटर वाढीव उष्णता फार काळ सोसत नाहीत. ते 95 हजार दुसऱ्यांदा खर्च होतील.

राहते एमहॉक: 2,179 सीसी, 120 बीएचपी, 280-290 न्यूटन-मीटर. पण सुटे घेऊ नका, अख्खी अपघाती गाडीच घ्या. असे संगणकावर चालणारे कॉमन रेल डिझेल इंजिन त्याच्या ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर (चोरीरोधक कुलूप), किल्ली, वायरिंग आणि ॲक्सिलरेटर पेडलशिवाय सुरूच होत नाही. हे सगळे एकाच गाडीचे असले की जुळते, वेगवेगळ्या गाड्यांचे गोळा केले की आठवडे जातात.

हिशेब मांडू. सुटे इंजिन 1.60 लाख, ईसीयू-वायरिंग 45 हजार, रेडिएटर-इंटरकूलर 25 हजार, माउंट, प्रोपेलर शाफ्ट आणि एक्झॉस्ट 60 हजार, मजुरी 50 हजार: 3.40 लाख. अपघाती गाडी 2.40 लाख अधिक माउंट-शाफ्ट-एक्झॉस्ट आणि मजुरीचे 1.10 लाख: 3.50 लाख. त्यातून दारे, सीट आणि चाके विकून 60 हजार परत आले तर 2.90 लाख. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या फॅब्रिकेटरकडून लेखी कोटेशन घ्या.

अपघाती स्कॉर्पिओ फोर बाय फोरच हवी, नाहीतर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळा घ्यावा लागेल. त्याआधी पिकअपखाली वाकून बघा: पुढचा डिफरन्शियल ज्या बाजूला, ट्रान्स्फर केसचा पुढचा शाफ्टही त्याच बाजूला निघायला हवा. पटले की कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर लीक-बॅक (इंजेक्टरमधून परत गळणारे डिझेल) टेस्ट करून घ्या, तेलाचे झाकण उघडून ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या बाजूने निसटून येणारा धूर, बघा, टर्बोच्या शाफ्टला खेळ आहे का तपासा. बसवताना सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) बॅफल, म्हणजे तेल हिंदकळू न देणारा आडपडदा, हवाच. तिरक्या चढावर तेल ते ओढणाऱ्या नळीपासून दूर गेले की आधी टर्बोचे बेअरिंग जाते. धुळीत एअर फिल्टरनंतरचे प्रत्येक होज क्लॅम्प हाताने तपासा, एका ढिल्या जोडातून इंजिन खराब होते.

पैशाचे असे: सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 3.30 लाख, ठेवीत तसाच राहू द्या. उरलेल्या 2.70 लाखांतून 2.40 ची गाडी येते. पुढचे 1.10 लाख विक्रीच्या 60 हजारांतून आणि दरमहा उरणाऱ्या 30 हजारांतून दोनेक महिन्यांत निघतील. वैयक्तिक कर्ज नको. ठेव अंशतः मोडता येते का ते बँकेत विचारा. एकाच पावतीची असेल तर संपूर्ण मोडून दंड भरण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेऊन लवकर फेडणे स्वस्त पडू शकते, दोन्हींची तुलना करा.

विम्याबाबत सावध राहा. गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत वगळलेली असते, वैयक्तिक अपघात विम्यातही बहुधा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटीत मोटर रेसिंग ‘व्यावसायिक’ सहभागापुरती वगळलेली आहे. तुमची हौस त्यात येते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. इंजिन बदललेली पिकअप रस्त्यावर चालवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगी लागते. शर्यतीला फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) न्या.

अपघाती गाडीचे पूर्ण पैसे देण्याआधी आरसी (नोंदणी) रद्द झाल्याचा कागद, विक्रेत्याचे बिल आणि ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर स्वतः जुळवा. नंबर घासलेला दिसला तर बयाणाही देऊ नका.