मुलीला फॉरेस्टमध्ये जायचंय, पाठवू का?

ताई, तुमचा मेल वाचला. मुलगी बारावी सायन्सला, वाघांचे रील्स बघून फॉरेस्ट ऑफिसर व्हायचं म्हणून हट्ट धरून बसलीय आणि घरचे म्हणतात सांगलीतच राहून बीएड कर, पोरीला जंगलात कुठं पाठवायचं. करिअर आहे का विचारलंत, तर आहे, फक्त तिला वाटतंय तसलं नाही.

वाघ हा या नोकरीतला छोटा भाग आहे. महाराष्ट्राची साधारण २० टक्के जमीन वन म्हणून नोंदलेली आहे, बहुतेक वनखात्याच्या ताब्यात, आणि तिच्यावर कुणाला गुरं चारायचीत, कुणाला तेंदूपत्ता तोडायचाय, कुणाला रस्ता नाहीतर खाण काढायचीय. प्रत्येक डिव्हिजनचा वर्किंग प्लॅन असतो, साधारण दहा वर्षांचा, कुठल्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, कधी तोड, लागवड कुठं, कुठं अजिबात हात लावायचा नाही हे त्यात ठरतं. तो पाळणं आरएफओच्या, म्हणजे रेंज सांभाळणाऱ्या वनक्षेत्रपालाच्या डोक्यावर, हाताखाली राउंडला वनपाल आणि बीटवर, म्हणजे राउंडमधल्या सगळ्यात छोट्या हद्दीत, वनरक्षक. दिवस जातो पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला रिपोर्ट, फाडण्यात, पंचनाम्यात, रानडुकरांनी पीक खाल्लं त्याच्या भरपाईच्या केसेसमध्ये, आणि १५ फेब्रुवारीला फायर सीझन लागायच्या आत जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, झाल्या पाहिजेत. त्यात जंगलात राहणाऱ्यांना हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा आल्यापासून नुसता हुकूम सोडून भागत नाही, गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आता तिथला बांबू ग्रामसभा स्वतः विकते. म्हणजे साहेबाला ग्रामसभेत बसून ऐकता आलं पाहिजे, जे माझ्या मते अभ्यासापेक्षा अवघड आहे. शिवाय खातं एकसारखं नाही, प्रादेशिक, वन्यजीव, सामाजिक वनीकरण वेगवेगळे, आणि वन विकास महामंडळ तर सागवान लावून विकणारी सरकारी कंपनीच, अयोध्येच्या मंदिराला बल्लारशाचं सागवान गेलं ते त्यांचंच.

रस्ते तीन. बारावीवर वनरक्षक भरती. डिग्रीनंतर एमपीएससीतून आरएफओ किंवा त्याच्या वरचा एसीएफ (सहायक वनसंरक्षक). आणि यूपीएससीतून आयएफएस, म्हणजे भारतीय वन सेवा, तिची प्रिलिम सिव्हिल सर्व्हिसेसबरोबर एकच असते, चालण्याची टेस्टही असते, मुलींना ४ तासात १४ किलोमीटर. डिग्रीचा विषय मात्र आत्ताच बघून घ्या, बॉटनी झूलॉजी केमिस्ट्री अ‍ॅग्रीकल्चर इंजिनिअरिंग असलं काहीतरी लागतं, नुसतं बीए करून हे दार उघडत नाही. बीएस्सी फॉरेस्ट्री दापोली आणि अकोल्याला आहे, त्याला सीईटी. मी तर म्हणेन दापोली पहिलं लिहा, कारण परीक्षा नाही निघाली तरी रोपवाटिका, बांबू, सर्वेची कामं हातात राहतात.

आता भीतीचं. खोटं सांगत नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात पायी सर्वे करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आडगावची पोस्टिंग, रात्रीची गस्त, लाकूडचोरांशी वाद, हे सगळं आहे. पण सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण असल्यामुळे बीटवर मुली आता बऱ्याच दिसतात, एकटी पडेल असं नाही. लग्नाचं काय असंही तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यावर मी काही बोलत नाही, तो प्रश्न तिला विचारा.

बारावीची परीक्षा संपली की एप्रिल मे च्या उन्हात तिला घेऊन चांदोलीकडच्या एखाद्या रेंज ऑफिसला जा, परवानगी काढून एखाद्या गार्डबरोबर पूर्ण बीट चालायला लावा, जिप्सीतून नाही, पायी. कुंडलची वन अकादमी पण तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथंही चौकशी करता येईल. बीट चालून आल्यावरही हट्ट तसाच राहिला तर दापोलीचा फॉर्म भरा, आणि सीईटीचं रजिस्ट्रेशन केलंय ना तेवढं आजच बघून घ्या, कारण ती तारीख बऱ्याचदा बोर्डाची परीक्षा संपायच्या आधीच निघून जाते.