मंगळाचं पोवळं घातलं की समुद्रातली प्रवाळ बेटं मरतात का?

तुमचा प्रश्न असा: आईनं मंगळासाठी पोवळ्याची अंगठी करायला सांगितलीय, पण प्रवाळ बेटं मरत चाललीत असं वाचलं. अंगठीमुळे त्यात भर पडेल का, आणि ही बेटं मुळात होतात कशी?

नाशिकच्या सराफ बाजारात आमची पेढी आहे, लहानपणापासून पोवळी हाताळतोय. मंगळाचं काय ते गुरुजींना विचारा, समुद्राचं मी सांगतो.

अंगठीतलं लाल पोवळं आणि बेटं बांधणारं प्रवाळ हे लांबचे भाऊबंद. लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रात, कमी उजेडाच्या कपारींत वाढतं. त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, आणि बेटबिट ते काही बांधत नाही. आपल्याकडे हा माल फार जुना. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे, आणि आमच्या पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) शिलालेखात त्याच भडोचचं जुनं नाव, भरुकच्छ, कोरलंय.

बेटं बांधतात ते वेगळे जीव. झाड नव्हे, दगड नव्हे, इवलासा मऊ प्राणी, पॉलिप. समुद्राच्या पाण्यातून चुना काढून तो आपल्या बुडाखाली वाटी बांधतो. पोटात सूक्ष्म शैवालाचे भाडेकरू ठेवतो, आणि हे भाडेकरू भाडं अन्नात देतात, त्याच्या गरजेच्या 90 टक्क्यांपर्यंत! शैवालाला ऊन लागतं, म्हणून प्रवाळ उथळ, नितळ, कोमट पाण्यातच फोफावतं. आपली गोदावरी समुद्राला मिळते तिथं ते का नाही, हे तिचं पुराचं पाणी पाहिलेल्याला सांगायला नको.

बेटाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. समुद्रात ज्वालामुखीचा डोंगर वर येतो, त्याच्या काठाला प्रवाळाची झालर धरते. डोंगर हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी जुन्या सांगाड्यांवर नवे चढवत वर येत राहतं. शेवटी डोंगर बुडतो आणि पाण्यावर नुसतं कंकण उरतं. डार्विननं हे 1842 मध्ये मांडलं. 1952 मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या प्रवाळ बेटावर खोल भोक पाडलं, तेव्हा 1200 मीटरहून जास्त चुनखडीखाली खरोखर बेसाल्ट लागला. बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, आपला काळा पत्थर. त्यातही मजा अशी, की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानातून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा लाव्हा आला, त्याच्याच पुढच्या लाव्ह्यावर मालदीवची बेटं बसलीत, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ब्रह्मगिरी आणि मालदीव एकाच चुलीवरचे.

आता धोका. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की पॉलिप भाडेकरूंना हाकलतो. रंग त्यांचाच, म्हणून प्रवाळ पांढरं पडतं. ते तेव्हा मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर संपतं. 1998 मध्ये लक्षद्वीपला मोठा फटका बसला. 2023 पासून जगभर जी लाट आली तिच्यात 80 टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्र अशा उष्णतेत सापडलं. शिवाय कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्र आम्लाकडे सरकतोय, त्यामुळे चुना जमवणं जड जातं. बाकी गाळ, सांडपाणी, बोटींचे नांगर आहेतच. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलो होतो, तर शेजारचे पाहुणे फोटोसाठी चक्क प्रवाळावर उभे. नावाडी ओरडला तेव्हा कुठे उतरले.

तेव्हा बेटं मरतायत ती तुमच्या अंगठीनं नव्हे. पण लाल पोवळंही बेसुमार काढल्यानं विरळ झालंय, आणि बाजारात स्वस्तातलं बरंचसं रंगवलेलं असतं, हेही धंद्यात राहून सांगतो. अंदमानहून कुणी पांढरा तुकडा आणून ‘कोंदणात बसवा’ म्हणालं तर आम्ही हात लावत नाही, बेट बांधणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

घरात आजीचं जुनं पोवळं असेल तर तेच पॉलिश करून नव्या अंगठीत बसतं. खरं की खोटं बघायला लिंबू मात्र पिळू नका, चुनाच तो, चकाकी जाते.