कोल्हापुरात शाळेचा बँड बसवतो. कंडक्टिंगच्या (हाताच्या खुणांनी वादकांना चालवण्याच्या) आठवड्याच्या कार्यशाळेत थेट पोडियमसाठी, म्हणजे स्वतः वादकांसमोर उभं राहून शिकण्यासाठी अर्ज करू, की नुसतं बघणारा निरीक्षक म्हणून जाऊ?

पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत) वाचायची सवय नसेल तर पहिल्यांदा निरीक्षक म्हणूनच जा. पोडियमवर प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात. ती पानावर बोट फिरवण्यात गेली तर फी वाया. निरीक्षकाची फी सहसा कमी असते, आणि दुसऱ्याचा हात दुरुस्त होताना पाहूनही पुष्कळ कळतं. मिरवणुकीच्या बँडची सवय मात्र आधी मोडावी लागेल. तिथे सगळे ढोलावर चालतात, हाताकडे बघतो कोण! इथे पहिल्या ठोक्याआधीची तयारीची हालचालच वेग, जोर आणि वादकांचा श्वास ठरवते. तोवर आरशासमोर उजव्या हाताने चारचा ठेका घोटा: खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. बी-फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतात, हेही डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर चुकीचा सूर कुणाचा ते सापडत नाही. पुढे अर्जासाठी व्हिडिओ लागला तर तो वादकांच्या बाजूने, तुमचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा घ्या. कार्यशाळा खास शाळेच्या बँडमास्तरांसाठी किंवा नवशिक्यांसाठी असेल, तर मात्र थेट पोडियमच मागा.